राजा भोळा, कारभारी काळा

खलनायक दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार सोपा. तो मिशा पिळतो, गडगडाटी हसतो, नायकाच्या म्हाताऱ्या आईला खांबाला बांधतो आणि शेवटच्या अंकात मार खातो. त्याचा राग येतो, पण धसका वाटत नाही. असा माणूस समोर आला तर तो खलनायक आहे एवढं तरी चटकन कळतं. दुसरा प्रकार अवघड. हा हसत नाही, फक्त ओठांच्या कोपऱ्यातून हसल्यासारखं करतो. ओरडत नाही. कमरेला तलवार असलीच तर ती धुण्यापुसण्यासाठीच बाहेर निघत असावी. तो राजाच्या उजव्या हाताला, अर्धं पाऊल मागे उभा असतो आणि त्याची मान राजाच्या कानाकडे किंचित झुकलेली असते. त्या अर्ध्या पावलाच्या अंतरात सगळं नाटक मावतं. ह्या माणसाला दरबारात कारभारी म्हणतात, कचेरीत सल्लागार म्हणतात, चाळीत आगलाव्या म्हणतात आणि महाभारतापासून त्याचं एक सर्वमान्य नाव ठरून गेलं आहे : मामा.

मी स्वतः मामा आहे. सख्खा, एका भाच्याचा. तेव्हा ह्या विषयावर दोन शब्द बोलायचा मला थोडा जास्त अधिकार आहे असं मी मानतो. काका, आत्या, मावशी ही सगळी नाती सुखाने नांदताहेत. बदनामी झाली ती एकट्या मामाची. 'शकुनीमामा' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. दुसऱ्याला गंडवलं की आपण त्याचा 'मामा केला' म्हणतो. एका मामाने फासे टाकले, त्याची परतफेड बाकीच्या मामांनी पिढ्यान् पिढ्या करायची!

ह्या प्रश्नाचा मी इतका विचार करायला लागलो तो एका जपानी यंत्रमानवामुळे. हे जरा विस्ताराने सांगायला हवं.

आम्ही बेलपाड्याला राहतो. बेलापूरहून मेट्रोत बसलं की पहिल्यांदा आरबीआय कॉलनी लागते, मग बेलपाडा. गाव जुनं, भोवतीचं खारघर नवं. तालुका पनवेल, जिल्हा रायगड. डोंगराकडे पाहिलं की पावसाळ्यात पांडवकड्याचा धबधबा. वनवासातले पांडव तिथे स्नानाला आले होते अशी आख्यायिका आहे, म्हणून पांडवकडा. म्हणजे असं पाहा, शकुनीमामाने फासे टाकले नसते तर पांडव वनवासाला निघालेच नसते, आणि आमच्या धबधब्याला नुसता 'कडा' म्हणावं लागलं असतं. मामाचे उपकार कोणी मोजत नाही, ते असे. शिवाय आमच्या भागात सल्लागारांना तोटा नाही. रस्त्याने चालत निघालं तर दर तिसऱ्या दुकानावर 'इस्टेट कन्सल्टंट' अशी पाटी. तिथला प्रत्येक सल्ला एकच असतो : 'आत्ता घ्या, नंतर मिळणार नाही.'

तर आमचा भाचा. इंजिनिअर आहे, तळोज्याला नोकरीला जातो आणि आमच्याकडेच राहतो. जपानी कार्टूनं बघण्याचा त्याला भारी नाद. 'कार्टून' म्हटलेलं त्याला खपत नाही, 'अॅनिमे' म्हणायचं. एका पावसाळी रविवारी तो म्हणाला, "मामा, तुमच्या लहानपणीचा जायंट रोबो आठवतो ना? त्याचीच एक वेगळी मालिका आहे. बघा."

आठवतो म्हणजे काय! माझं लहानपण नव्हे, पण ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ती मालिका लागायची. मूळची १९६७-६८ सालची. डोक्यावर इजिप्तच्या राजासारखं शिरस्त्राण घातलेला घराएवढा यंत्रमानव आणि मनगटावरच्या घड्याळातून त्याला हुकूम सोडणारं एक पोर. ह्या रोबोचा जनक मित्सुतेरू योकोयामा हा जपानी चित्रकथाकार. भाच्याने लावली ती मालिका त्याच्यावरूनच, पण यासुहिरो इमागावा नावाच्या दिग्दर्शकाने १९९२ ते १९९८ ह्या काळात काढलेली. भाग एकंदर सात. सात भागांना सहा वर्षं! बेलपाड्याच्या माणसाला ह्याचं नवल वाटत नाही. आमच्या मेट्रोचं काम २०११ साली सुरू झालं आणि अकरा स्टेशनांची गाडी २०२३ च्या नोव्हेंबरात धावली.

कथा थोडक्यात अशी. भविष्यकाळातलं जग एका नव्या ऊर्जेवर चालतं आहे. गाड्या, दिवे, कारखाने सगळं तिच्यावर. जग जिंकायला निघालेली 'बिग फायर' नावाच्या सर्वोच्च पुढाऱ्याची एक टोळी आहे. ही सारी ऊर्जा एकाएकी बंद पाडायची आणि पृथ्वी जागच्या जागी थांबवायची असा कट शिजतो. आमच्याकडे अंधार व्हायला एवढं कारस्थान लागत नाही, पहिला पाऊस पुरतो. पण ते असो. ह्या टोळीतले गडी एकाहून एक अचाट. कोणी हाताच्या तळव्यातून स्फोट घडवतो, कोणी काय करतो. आणि त्या सगळ्या दणदणाटात, पांढऱ्या झग्यात, हातात पिसांचा पंखा घेऊन, अत्यंत अदबीने बोलणारा एक गृहस्थ उभा. अर्धं पाऊल मागे, मान किंचित झुकलेली.

"हा मामा!" मी ओरडलो.

"मामा नाही, मामा," भाचा म्हणाला, "हा कोमेई. ह्यांचा रणनीतीचा सल्लागार."

तेच म्हणतो मी!

आता ह्या कोमेईचं कौतुक मी करणार आहे, आणि ते खलनायक म्हणून. कारण खलनायकी सल्लागार रंगवायचा कसा ह्याचा तो वस्तुपाठ आहे. पहिली गोष्ट, तो घाम गाळत नाही. इतर सगळे उड्या मारतात, भिंती फोडतात. हा पंखा हलवतो. एवढ्या मोठ्या यंत्रमानवाच्या गोष्टीत भीती वाटते ती पंख्याची. दुसरी गोष्ट, तो नम्र आहे. शिवी देणाऱ्या माणसाशी भांडता येतं. 'आपली आज्ञा असेल तर' म्हणणाऱ्याशी कसं भांडणार? तिसरी गोष्ट, त्याच्याच बाजूचे लढवय्ये त्याच्याकडे संशयाने बघतात. सगळा बेत त्याने कोणालाच सांगितलेला नाही. आणि चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची : त्याला स्वतःसाठी काही नको आहे. जे काही करायचं ते 'आमच्या बिग फायरसाठी'. हा बिग फायर सात भागांत जवळजवळ दिसत नाही. नाव त्याचं, चेहरा कोमेईचा. त्यामुळे शिव्याशापही कोमेईलाच.

खरी गंमत पुढे आहे. हा कोमेई मुळात खलनायक नाहीच! तो म्हणजे चीनचा चूगे लियांग. जन्म इसवी सन १८१, मृत्यू २३४. खराखुरा ऐतिहासिक मुत्सद्दी. आपल्याकडे चाणक्याचं नाव घेतात तसं तिकडे ह्याचं. लिऊ बेई नावाचा राजा त्याचा सल्ला मागायला त्याच्या झोपडीवर तीनदा गेला अशी कथा आहे. पुढे २२३ साली हा राजा मरणाला टेकला तेव्हा त्याने कारभाऱ्याला जवळ बोलावून सांगितलं, की माझा मुलगा राज्य करण्याच्या लायकीचा असला तर त्याला साथ दे, नसला तर गादीवर तूच बस. ह्यावर कुठलाही नाटकातला सल्लागार पडद्याकडे तोंड करून हसला असता. चूगे लियांग रडला, आणि त्या सामान्य मुलाची चाकरी करता करता अकरा वर्षांनी मोहिमेवरच मेला. योकोयामाने ह्या 'तीन राज्यां'च्या कथेवर १९७१ ते १९८७ अशी वर्षानुवर्षं चित्रं काढली, साठ खंड भरले. त्यात हा कोमेई देवमाणूस आहे.

आणि इमागावाने काय केलं, तर योकोयामाच्या वेगवेगळ्या चित्रकथांतली पात्रं उचलली, एकाच मालिकेत कोंबली, आणि ह्या देवमाणसाला नेऊन खलनायकांच्या गोटात बसवलं. मराठी प्रेक्षकांच्या भाषेत सांगायचं तर पडदा वर जावा आणि घोडखिंडीत बाजीप्रभू सिद्दी जोहरच्या बाजूने उभे दिसावेत!

पण नीट पाहिलं की लक्षात येतं, दिग्दर्शकाने त्याचा एकही गुण काढून घेतलेला नाही. दूरदृष्टी तीच, शांतपणा तोच, पंखासुद्धा तोच. मुख्य म्हणजे निष्ठा तीच. बदलला आहे तो फक्त मालक. मालक बदलला आणि सगळे गुण जसेच्या तसे ठेवले तरी माणूस खलनायक होतो, हे बघताना अंगावर काटा येतो. हे खरं खलनायक घडवणं. ह्यात खोटं बोलावं लागत नाही.

मग रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला आमचा कलुषा आठवला, आणि झोप उडाली.

आपल्या लोकांना सल्लागार ओळखता येत नाहीत असं मुळीच नाही. पेशवाईतल्या मुत्सद्द्यांची आपण मोजदाद करून ठेवली आहे : साडेतीन शहाणे. सखारामबापू बोकील, विठ्ठल सुंदर आणि देवाजीपंत चोरघडे हे तीन पूर्ण. नाना फडणीस अर्धा. अर्धा का, तर डोकं होतं पण तलवार नव्हती. म्हणजे तलवारीशिवायच्या अकलेला आमच्याकडे पन्नास टक्केच मार्क. ह्या चौघांतला विठ्ठल सुंदर तर निजामाचा दिवाण. पेशव्यांशी लढताना १७६३ साली राक्षसभुवनला मारला गेला. तरी लोकांनी त्याला यादीतून काढला नाही. शत्रूचा असला तरी शहाणा तो शहाणा! ही आपली जुनी समज. मला तिचा अभिमान वाटतो.

मग नाटकवाल्यांना काय झालं?

माझ्या लहानपणी कोकणातल्या आमच्या गावी उत्सवात 'बेबंदशाही' नाटक झालं होतं. औंधकरांचं, १९२०-३० च्या काळात गाजलेलं. कलुषाची भूमिका करायला अल्पबचतीची सर्टिफिकेटं विकणारा एक सरळ गृहस्थ उभा केला. काजळ कानापर्यंत ओढलेलं, एक भुवई वर चढवून रंगवलेली, ती त्याला रात्रभर खाली घेता येईना. तो राजाच्या कानाशी लागला की बायका कडाकडा बोटं मोडत. काम इतकं उत्तम वठलं की पुढचे दोन महिने गावात कोणी त्याच्याकडून सर्टिफिकेट घेईना. ह्याचा सल्ला ऐकून संभाजीराजांचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं होतं.

हा कलुषा कबजी म्हणजे इतिहासातला कविकलश. उत्तरेकडचा कनोजी ब्राह्मण, कवी, संभाजीमहाराजांचा विश्वासू, 'छंदोगामात्य' ही पदवी मिळालेला. आता नावाचीच गंमत बघा. कविजीचा कबजी झाला, हे एक वेळ समजू शकतं. जिभेला वळण तसं असतं. पण कलशाचा कलुषा कसा झाला? कलश म्हणजे पूजेतला मंगल कलश. कलुष म्हणजे पाप, मळ, गाळ. एका उकाराने देवघरातला तांब्या गटारात नेऊन बुडवला! आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केला अशी आख्यायिका आपण दोनशे वर्षं सांगत आलो. ह्या 'ल'च्या 'लु'चा जाब मात्र कोणाला विचारला नाही.

हे सगळं सुरू कुठून झालं? संभाजीमहाराजांविषयी वाईटसाईट लिहिणारी बखर प्रसिद्ध आहे ती मल्हार रामराव चिटणिसांची. ती लिहिली गेली महाराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांच्या आसपास. आणि ह्या चिटणिसांचे पूर्वज बाळाजी आवजी ह्यांना संभाजीमहाराजांनी १६८१ साली देहदंड दिला होता. आता सव्वाशे वर्षांनी, घरातलं जुनं दुखणं उराशी धरून, माणूस काय लिहील हे सांगायला इतिहाससंशोधक लागत नाही. कुठल्याही घरात वाटणीचा विषय काढून बघावं. बखरीतून हा माल नाटकांत आला. गडकऱ्यांनी 'राजसंन्यास' घेतलं, ते अपुरंच राहिलं. १९१९ च्या जानेवारीत ते गेले. मग 'बेबंदशाही', आणि मग गावोगावचे उत्सव.

पण माझी तक्रार बखरकारावर नाही, नाटककारावर आहे. आणि तीही इतिहास बिघडवला म्हणून नाही. नाटककाराने इतिहासात थोडं इकडचं तिकडं करावं, त्याला ती मुभा आहे. तक्रार अशी की खलनायक वाईट बनवला. वाईट म्हणजे कच्चा!

साधा प्रश्न विचारून बघा : कलुषा हे सगळं का करतो? शकुनीला कारण आहे. गांधारीच्या माहेराची कैद, बापाच्या हाडांचे फासे ही गोष्ट व्यासांच्या महाभारतात नाही. ती लोकांनी मागाहून जोडली. पण बघा ना, लोकांनासुद्धा वाटलं की एवढा कपटी माणूस उभा केला तर त्याला कारण द्यायला हवं. कोमेईला कारण आहे, निष्ठा. कलुषाला काय? तो राजाला दारू का पाजतो, बाईच्या नादी का लावतो? राज्य बुडालं तर पहिला कारभारी बुडतो. ज्या फांदीवर बसला ती हा इतक्या मन लावून का तोडतो? ह्यावर काहींनी तोड काढली : तो औरंगजेबाचा हेर होता!

वा! मग त्या हेराला इनाम काय मिळालं ते ऐका. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वराला मुकर्रबखानाने छापा घातला आणि राजा व कविकलश दोघांना एकदमच पकडलं. बहादूरगडाला नेऊन दोघांची धिंड काढली. दोघांचे हाल केले, डोळे काढले, जीभ छाटली. ११ मार्च १६८९ रोजी दोघांना ठार मारलं. कुठल्या बादशहाने आपल्या हेराला असं बक्षीस दिलं आहे? आणि ह्याच्या आधीची चार वर्षं मागे गेलं तर १६८५ साली मोगलांचा सरदार शहाबुद्दीनखान रायगडाच्या पायथ्याशी येऊन भिडला, तेव्हा त्याला तोंड द्यायला गेला होता तो हाच कविकलश. म्हणजे साडेतीन शहाण्यांच्या हिशोबात तलवारीचे मार्कही त्याला मिळतात! ह्या माणसाबद्दल इतिहासात शंभर गोष्टी वादाच्या असतील. एक गोष्ट वादातीत आहे, ती म्हणजे तो शेवटपर्यंत राजाबरोबर होता. आणि नाटकवाल्यांनी काढून घेतली ती नेमकी तीच! इमागावाने कोमेईचा मालक बदलला पण निष्ठा ठेवली. आमच्या लोकांनी मालक तोच ठेवला आणि निष्ठा पळवली.

असं का केलं, ह्याचं उत्तर मला आमच्या सोसायटीने दिलं.

आमच्या सोसायटीचे चेअरमन स्वभावाने गोड माणूस. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात, त्यांना ते प्रत्येक बाबतीत विचारतात. मागे गच्चीवरची टाकी बदलायचं ठरलं, वर्गणी काढली, टाकी बदलली आणि गळायला लागली. वार्षिक सभेत जो आरडाओरडा झाला तो ऐकण्यासारखा होता. "चेअरमनसाहेब देवमाणूस हो, पण ते तिसऱ्या मजल्यावरचे त्यांना भरीस घालतात!" सही चेअरमनची, ठराव सभेचा, हात वर केले आम्ही सगळ्यांनी, दोष मात्र तिसऱ्या मजल्याचा. चेअरमन छताकडे बघत बसले. कारण उघड आहे. चेअरमनला वाईट म्हटलं तर त्याला निवडून देणारे आपण कोण ठरतो? त्यापेक्षा मधला एक माणूस काळा केला की चेअरमन स्वच्छ, आपण स्वच्छ. टाकी गळते ती गळतेच.

नाटककाराची अडचण अशीच होती. शिवाजीमहाराजांचा मुलगा वाईट कसा दाखवणार? पण बखर म्हणते वाईट. मग निम्मं पाप सल्लागाराच्या गळ्यात बांधायचं. राजा मुळात चांगला हो, भोळा, त्या कलुषाने बिघडवला!

आणि इथेच सगळा घोटाळा झाला. कारभारी काळा केला की राजा गोरा होत नाही. राजा खुळा होतो. ज्याने संस्कृतात 'बुधभूषण' लिहिला, जो १६८० पासून नऊ वर्षं औरंगजेबाशी लढत होता आणि त्याच काळात सिद्दी आणि गोव्याचे पोर्तुगीज ह्यांच्याशीही भिडत होता, तो राजा काय कानाशी लागलेल्या एका माणसाच्या तालावर नाचणारं बाहुलं होता? कलुषाचा प्रत्येक यशस्वी डाव हा संभाजीराजांच्या अकलेवरचा शेरा आहे. वाचवायला गेले राजाला, आणि एका दगडात दोघांना पाडलं. गावोगावच्या उत्सवांत बायका बोटं मोडत होत्या त्या नुसत्या कलुषाच्या नावाने नव्हे. राजाबद्दलही त्या घरी जाताना 'बिचारा' म्हणत होत्या. संभाजीमहाराजांना 'बिचारा'! ह्यापेक्षा मोठी बदनामी कुठली?

व्यासांना हे कळत होतं. त्यांनी शकुनीला कपटी केलं, पण दुर्योधनाला सूट दिली नाही. वनपर्वात एक प्रसंग आहे. गंधर्वांनी दुर्योधनाला बांधून नेलं, पांडवांनी सोडवलं. लाजेने दुर्योधन प्राण सोडायला बसला. तेव्हा शकुनीमामा त्याला काय सांगतो ठाऊक आहे? पांडवांचं राज्य परत देऊन टाक, लोक तुझं नाव घेतील! ऐकलंत? मामाने सल्ला दिला तो चांगला, आणि भाच्याने ऐकला नाही. कान राजाचा असतो, पण त्यात काय शिरू द्यायचं हे ठरवणारा राजाच. म्हणून दुर्योधन मोठा वाटतो आणि शकुनीही. दूरदर्शनच्या 'महाभारता'त गूफी पेंटलनी शकुनी इतका झकास केला त्याचं एक कारण हे असावं, की मागे हजारो वर्षांची पक्की मांडणी उभी होती. त्या मालिकेची पात्रनिवड करण्याचं कामही पेंटलांकडेच होतं. म्हणजे फासे खऱ्या अर्थाने मामाच्याच हातात होते.

पुढे दिवस पालटले. वा. सी. बेंद्र्यांनी वर्षानुवर्षं कागद धुंडाळून १९६० साली संभाजीमहाराजांचं चरित्र काढलं. कमल गोखल्यांचं 'शिवपुत्र संभाजी' आलं. १९७९ साली शिवाजी सावंतांची 'छावा' घरोघरी पोचली. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच नावाचा हिंदी चित्रपट आला. विनीत कुमार सिंगने केलेला कविकलश बघून भाचा लाल डोळ्यांनी घरी आला. "मामा, सगळ्यात भारी कोण असेल तर कविकलश!" मी त्याला आमच्या गावच्या नाटकातल्या कलुषाचं काजळ आणि चढवलेली भुवई वर्णन करून सांगितली. त्याचा विश्वास बसेना. "कसं शक्य आहे? मित्राला असं कोण दाखवेल?" असं म्हणून त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं, की जणू ते नाटक मीच लिहिलं होतं. पुन्हा दोष मामालाच!

झालं ते चांगलंच झालं. पण समीक्षकाची खोड जात नाही, म्हणून एक सांगतो. आता काटा पार दुसऱ्या टोकाला चालला आहे. नव्या कथांतला कविकलश चुकतच नाही. अहो, कधीच न चुकणारा तो सल्लागार नव्हे, पंचांग! पंचांगसुद्धा पावसाच्या बाबतीत चुकतं. कविकलश उत्तरेकडून आलेला, नवा, राजाच्या फार जवळचा. जुन्या कारभाऱ्यांना तो डोळ्यांत सलत असणारच. १६८८ साली शिर्के उठले आणि त्याला विशाळगडाचा आसरा घ्यावा लागला, राजाला त्याच्या मदतीला धावावं लागलं. तिथून परतताना संगमेश्वर. ह्यात केवढं नाटक आहे! ज्याने राजाला सल्ला द्यायचा त्याच्याचसाठी राजा बाहेर पडतो आणि परतीच्या वाटेवर दोघेही सापडतात. कैदेतल्या त्या दिवसांत त्याच्या मनात काय चाललं असेल? 'माझ्यापायी' हा एक शब्द त्याने किती वेळा गिळला असेल? त्याला काळं फासून हे दिसणार नाही, आणि शेंदूर फासूनही दिसणार नाही.

मला असं नाटक हवं आहे. त्यात कविकलश कधी बरोबर सल्ला देईल, कधी चुकेल. राजा कधी ऐकेल, कधी 'कविराज, हे आमच्यावर सोडा' म्हणेल, आणि जे करील त्याची जबाबदारी स्वतः घेईल. त्यात हेर नको, दारूचा पेला नको, कानापर्यंतचं काजळ नको. लागलाच तर एक पिसांचा पंखा चालेल. कोकणात उकाडा फार.

असं नाटक कोणी रंगमंचावर आणलं आणि पनवेलच्या फडके नाट्यगृहात त्याचा प्रयोग लागला, तर पहिल्या रांगेची दोन तिकिटं मी काढीन, एक माझं आणि एक भाच्याचं. तुम्हीही यावं. मात्र तिकीट आगाऊ काढावं की ऐन वेळी, ह्याबद्दल माझा सल्ला मागू नका. नाटक पडलं तर उद्या तुम्ही म्हणाल, आम्ही बापडे भोळे, त्या बेलपाड्याच्या मामाने भरीस घातलं!